टिल्लूचं लंघन

सारसोळ्याच्या त्या गल्लीत कुणाच्या पोराचं पोट बिघडलं की आधी सुमित्राबाईंचं दार वाजायचं आणि मग, वाटलंच तर, डॉक्टरचं.

"सुमित्राकाकी, कालपासना काय खात नाय गो ह्यो!"

"नाय खात तं बराच हाय. पोट दमलाय त्याचा. तुझ्या नवऱ्याला रविवारची सुट्टी लागते, पोटाला नको?"

मग पोराला मांडीवर आडवं घ्यायचं, हिंग कालवून बेंबीभोवती लावायचा, ओव्याचं कोमट पाणी चमच्या चमच्यानं पाजायचं आणि आईला दम भरायचा, "उद्यापरत याच्या तोंडात शीत नाय गेला पायजे. परवा पेज. कलला?" पोर तिसऱ्या दिवशी गल्लीत बोंबलत फिरायला लागलं की त्याची आई सगळ्यांना सांगायची, काकीच्या हाताला गुण हाय. सुमित्राबाई वरवर म्हणायच्या, "माझा कसला गुन, देवाचा," पण पदर सारखा करताना मान जरा ताठ व्हायची ती व्हायचीच.

ही विद्या त्यांना सासूकडून मिळाली होती. त्या नवी नवरी होऊन आल्या तेव्हा आजच्या तीन मजली इमारतीच्या मागे भातशेती होती आणि डॉक्टर गाठायचा तर अर्धा दिवस मोडायचा. लंघन हेच औषध आणि सासू हाच दवाखाना. पुढे शेतं गेली, शहर आलं, नवऱ्याला, नामदेवरावांना, पावणे गावातल्या कारखान्यात नोकरी लागली, ते तिथून रिटायरही झाले. घराचे मजले वाढले आणि वरच्या खोल्यांत भाडोत्री आले. सुमित्राबाईंचे दोन नियम मात्र तसेच राहिले. पोट बिघडलं की उपाशी ठेवायचं, आणि पोट बरं असेल तर दारात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा त्यांच्याकडून तांदळाची भाकरी खाऊनच जिना उतरायचा.

दुसऱ्या मजल्यावर संघमित्रा राहायला आली. नागपूरकडची, ऐरोलीच्या आयटी पार्कात कामाला, एकटी. एकटी म्हणजे तिच्यासोबत टिल्लू नावाचा एक राखाडी ससा होता. एक कान उभा, एक पडलेला, त्यामुळे सतत अर्धवट ऐकल्यासारखा दिसायचा.

पहिल्याच दिवशी सुमित्राबाई भाकरी घेऊन वर गेल्या आणि सशापुढचा ढीग बघून दारातच थबकल्या.

"अगो, ह्या काय? सुका गवत?"

"हो ना मावशी. तेच मुख्य खाणं आहे त्याचं. दिवसभर चावत राहते तो."

"बैल हाय काय तो? एवढुसा जीव, त्याला पेंढा घालतंस?"

संघमित्रा हसली. "मावशी, याच्या पोटाचं मशीन असं आहे, गवत खात राहिला तरच चालते. दातही वाढत राहतात जन्मभर, ते गवतानंच झिजतात. भाकरी-बिकरी दिली ना, तर आतमध्ये गॅस धरते."

"भाकरीना गॅस?" सुमित्राबाई खाली येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "आयकलास काय? साठ वरसा मी भाकरी खाते, मना नाय झाला गॅस!"

नामदेवराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुला होत नाय. शेजारच्यांना होतो."

तरी दोघींचं जमलं. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर संघमित्रा टिल्लूला घेऊन खालच्या ओट्यावर बसायची. तो सुमित्राबाईंच्या पायावर हनुवटी घासायचा. "ह्यो बग, माझ्या पाया परतोय," त्या म्हणायच्या. संघमित्रा सांगायची, "नाही हो मावशी, तो तुमच्यावर मालकी सांगून राहिला." हे त्यांना पाया पडण्यापेक्षाही जास्त आवडलं होतं.

मग संघमित्राच्या भावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. चार दिवस नागपूर. तिनं गवताची पिशवी, पाण्याची वाटी, पिंजरा असं सगळं खाली आणून ठेवलं आणि एक कागद फ्रिजवर चिकटवून मोठ्यानं वाचून दाखवला.

"गवत कायम समोर पाहिजे. पाणी. संध्याकाळी मूठभर कोथिंबीर. भाकरी नाही, बिस्कीट नाही, केळं नाही. आणि मावशी, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यानं खाणं सोडलं किंवा लेंड्या टाकणं थांबलं, तर मला लगेच फोन. रात्री दोन वाजतासुद्धा."

"जा गो तू. चाळीस वरसा पोटांचाच काम केलाय मी."

गुरुवारी टिल्लूनं गवतच खाल्लं. शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा तो ताटाजवळ येऊन मागच्या पायांवर उभा राहिला. आता पाहुणा ताटाशी उभा आहे आणि त्याच्यापुढे गवत टाकायचं, हे काही सुमित्राबाईंना जमेना. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून दिला. तो टिल्लूनं असा काही खाल्ला, की त्यांनी दुसराही दिला.

"कागदावर काय लिवलाय?" नामदेवरावांनी विचारलं.

"कागद लिवनारी लहान हाय. बग कसा खातोय. उपाशी ठेवला व्हता बिचाऱ्याला!"

शनिवारी भाकरी, केळ्याची अर्धी फोड आणि चहातली खारी. टिल्लू गवताकडे बघेना. सुमित्राबाईंना त्यात जिंकल्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी मात्र तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसला होता. भाकरी पुढे केली, तोंड फिरवलं. केळं, तेही नाही. दात मात्र कराकरा वाजवत होता. पिंजऱ्याखालचा कागद कोरडा, स्वच्छ. एक लेंडी नाही.

सुमित्राबाई घाबरल्या नाहीत, हेच पुढे त्यांना सगळ्यात जास्त टोचलं. त्यांना उलट हायसं वाटलं. हे दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं.

"जास्त झाला त्याला," त्यांनी निदान केलं. "पोट दमलाय."

"पोरीला फोन कर ना," नामदेवराव म्हणाले.

"आज तिच्या भावाचा साक्षगंध. सोन्यासारख्या दिवसाला सशाच्या पोटाचा काय सांगायचा? संध्याकालपरत उड्या मारील बग."

आणि त्यांनी पिंजऱ्यातलं गवत काढून घेतलं. सगळं, काडी न काडी. कारण लंघन म्हणजे लंघन. त्यात गवतालाही सूट नाही. टिल्लूला मांडीवर घेतलं, पोटावर हिंग लावला. पोट टणक लागलं, वाजवलं तर ढोलकीसारखं वाजेल असं. त्यांनी हलक्या हातानं गोल गोल फिरवायला सुरुवात केली. तेवढ्यात फोन वाजला.

पलीकडे डीजे धडधडत होता. संघमित्रा ओरडून बोलत होती.

"मावशी! कसा आहे टिल्लू? खाऊन राहिला ना?"

टिल्लू मांडीवरच होता. कान थंड लागत होते.

"जेवला," सुमित्राबाई म्हणाल्या. "तू मजा कर."

"थँक्यू हो मावशी! तुम्ही आहात म्हणून टेन्शन नाही!"

फोन ठेवल्यावर नामदेवराव उठले. त्यांनी टीव्हीचा आवाज तेवढा कमी केला.

सोमवारी सकाळी टिल्लू मान टाकून पडला होता, श्वास तेवढा चालू होता. नामदेवरावांनी विचारलं नाही, सरळ रिक्षा बोलावली. नेरूळमधल्या प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टर अभय म्हणून तरुण माणूस होता. त्यानं पोटाला हात लावला, स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकत राहिला. आत ऐकण्यासारखं काही नाही, हे त्याच्या तोंडावर दिसलं.

"आजी, लास्ट कधी खाल्लं यानं?"

"शनिवारी."

"आणि गवत?"

"काल काढून घेतला मी."

"काढून घेतलं? का?"

"पोटाना आराम."

डॉक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो एकदम हळू बोलायला लागला, शाळेतल्या पोराला समजावावं तसा. "बघा आजी, माणसाचं पोट रेस्ट घेतं. सशाचं पोट रेस्ट घेतं म्हणजे संपतं. याला उलटीपण करता येत नाही. आत सतत काहीतरी पुढे सरकत राहायला पाहिजे, नाहीतर आतडं बंद पडतं. भाकरी-केळ्यानं गॅस झाला, दुखायला लागलं, म्हणून खाणं सुटलं. आणि वरून आपण गवतपण काढलं. आता सलाईन देतो, पेनकिलर देतो, आतडं हलवायचं औषध देतो. बघू."

"काल आनला असता तं?"

डॉक्टर सलाईनची सुई शोधत राहिला. मग म्हणाला, "चान्स खूप बरा होता."

टिल्लूचं अंग गरम राहावं म्हणून डॉक्टरनं गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून दिली. सुमित्राबाईंनी ती धरून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्या एका आजारी जिवापाशी बसल्या होत्या आणि काय करायचं ते दुसरा कुणी सांगत होता. डॉक्टर म्हणाला हात इथे ठेवा, त्यांनी तिथे ठेवला. म्हणाला चोळू नका, त्यांनी चोळलं नाही. साडेअकराच्या सुमारास टिल्लूनं मागचे पाय एकदा ताणले, लांब, उडी घेताना ताणतो तसे. त्यानंतर डॉक्टरनं स्टेथोस्कोप कानातून काढून गळ्यात टाकला.

परत येताना रिक्षात नामदेवराव म्हणाले, "तिला सांगू, अचानक गेला. ससे जातात असे. कोनला काय समजनार हाय?"

सुमित्राबाईंच्या मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता. वाटेत दोन सिग्नल लागले. दुसऱ्या सिग्नलवर त्या म्हणाल्या, "तू गप बस."

संघमित्रा तीनच्या सुमारास आली. एका हातात बॅग, दुसऱ्यात संत्राबर्फीचा डबा, "मावशीऽ" असं गल्लीच्या तोंडापासून. ओट्यावर सुमित्राबाईंना खोका घेऊन बसलेलं पाहिलं आणि तिचा आवाज वाटेतच राहिला.

तिनं खोका उघडला. टिल्लूच्या पडलेल्या कानावरून बोट फिरवलं. मग ती पायरीवरच बसली, बॅग खांद्याला तशीच.

"काय झालं मावशी?"

सुमित्राबाईंनी सांगितलं. शुक्रवारची भाकरी, किती तुकडे तेही. केळं, खारी. रविवारची सकाळ. गवत काढून घेतलेलं. डॉक्टर काय म्हणाला ते, "चान्स खूप बरा होता" हे शब्दसुद्धा. सांगताना त्या तिच्याकडे नाही, खोक्याकडे बघत होत्या. नामदेवराव दारात उभे होते ते मध्येच आत गेले.

"मी रविवारी फोन केला तेव्हा कुठे होता तो?"

"माज्या मांडीवर."

"खात नव्हता?"

"नाय."

"मग जेवला का म्हणालात हो?"

उत्तर तयार होतं. तुमच्याकडे शुभकार्य होतं, तुझा जीव कशाला टांगायचा. खोटंही नव्हतं ते अगदी. सुमित्राबाईंनी तोंड उघडलं, आणि ते उत्तर त्यांना त्यांच्याच तोंडात शिळं लागलं.

"तुज्या भावाच्या साक्षगंधाचा मी ह्यांना सांगला," त्या म्हणाल्या. "पन तसा नाय. मना वाटला मी बरा करीन. तू येशील, तो उड्या मारत असंल, मग मी तुला सांगीन, बग, तुजा कागद काय कामाचा नव्हता."

समोरून कुणीतरी स्कूटर काढत होतं, त्याला जागा द्यायला संघमित्रानं पाय आखडून घेतले.

"जाताना एकटा होता?"

"नाय. माजा हात व्हता त्याच्यावर."

तिनं मान हलवली. खोक्याचं झाकण लावलं, डोळे ओढणीनं पुसले आणि उठली. बर्फीचा डबा तिनं पायरीवर ठेवला. द्यायचा म्हणून ठेवला की दोन्ही हात खोक्याला लागत होते म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक. जिना चढताना ती एका एका पायरीवर थांबत होती.

"पोरी, जेवलीस का?" सुमित्राबाईंच्या जिभेवर आलं होतं. पहिल्यांदाच त्यांनी ते गिळलं, आणि वरचं दार लागेपर्यंत तशाच बसून राहिल्या.