तिसऱ्या चंद्राची अमावास्या

मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली तेव्हा त्यातल्या ग्रहाला मी हौसेने तीन चंद्र दिले आणि त्यांचं गणित आमच्या अण्णांच्या गळ्यात मारलं. अण्णा म्हणजे माझे वडील. नांदगावला शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आता नाशिकला द्वारका सर्कलजवळ माझ्याकडे राहतात. संकष्टीला आमच्या बिल्डिंगमधल्या बायका चंद्रोदय त्यांनाच विचारायच्या. कॅलेंडरातल्या मुंबईच्या वेळेतून तीन-चार मिनिटं वजा करून ते नाशिकची वेळ सांगायचे, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय कुणी उपास सोडायचं नाही.

महिनाभर अण्णा वही घेऊन बसले. एका चंद्राची पौर्णिमा दर नवव्या दिवशी, दुसऱ्याची पंधराव्या, तिसऱ्याची चोविसाव्या. तिन्ही पौर्णिमा एकदा एकत्र आल्या की पुन्हा तशा यायला तीनशे साठ दिवस लागतात, असं त्यांनी काढून दिलं. पण माझ्या नायिकेला एवढं थांबायला वेळ कुठला! मी मेली घाईची. एकशे ऐंशीव्या दिवशीच तिन्ही चंद्र पूर्ण गोल करून टाकले. म्हटलं, कोण मोजत बसणार आहे?

अण्णा बसले. पुस्तक हातात आल्यावर आठ दिवस त्यांनी पेन्सिल सोडली नाही. त्यांच्या गणिताने त्या दिवशी तिसऱ्या चंद्राची चक्क अमावास्या येत होती. लेकीच्या पुस्तकात चूक असेल, हे त्यांच्या मनातच आलं नाही. आपलंच डोकं आता चालेनासं झालंय, असं म्हणाले आणि वही रद्दीत टाकली. मी समोरच मेथी निवडत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

परवाच्या संकष्टीला खालच्या वहिनी वेळ विचारायला आल्या. अण्णांनी भिंतीकडे बोट दाखवलं. म्हणाले, कॅलेंडरात बघा, माझा भरवसा धरू नका. वहिनी गेल्या आणि मला राहवलं नाही. तुमचं गणित बरोबर होतं अण्णा, मीच गोष्टीसाठी दिवस बदलला, असं सगळं सांगून टाकलं. रद्दीतून काढून ठेवलेली वहीही पुढे केली.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"म्हाताऱ्याचं मन राखायला खोटं बोलू नकोस, बाळा," म्हणाले, आणि वही न उघडताच परत माझ्या हातात दिली.