निळं हाड

मोडलेलं हाड बसवण्यात बखूमकाकाचा हात धरणारा नाईलकाठच्या त्या गावात कुणी नव्हता, आणि गावात थट्टा चालायची ती त्याच हाताची. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला क्रूस गोंदलेला होता, तोही वाकडा. लहानपणी संताच्या जत्रेत गोंदताना आईनं मांडीवर दाबून धरलं, तरी पोरानं नेमका हात हिसडला. गोंदण काही खोडून पुन्हा काढता येत नाही.

रोज सकाळी तो चहाच्या दुकानावरून जायचा. दुकानदार शहात आतूनच हाक घालायचा, "ए निळं हाड! तुझा क्रूस सरळ नाही, तू लोकांची हाडं काय सरळ करणार रे?" बाकांवर हशा पिकायचा. किबती, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या पंथाच्या ख्रिस्ती माणसाला डिवचायचं तर तिकडे 'निळं हाड' हाच शब्द. बखूम मान वळवून म्हणायचा, "सकाळ मोगऱ्याची, शहात!" आणि पुढे व्हायचा. हसण्यावारी नेलं तरी बोचायचं ते बोचतच होतं. माणूसच तो, दगड नव्हे.

पुढे शहातनं उठवलं, की बखूमनं बसवलेलं हाड वाकडंच जुळतं. लोकही असे, की ऐकलं ते खरं. बखूमच्या दाराशी चपला दिसेनाशा झाल्या. तेव्हा कैरोतल्या मुलानं रुंद चामडी पट्ट्याचं घड्याळ धाडलं. फोनवर म्हणाला, "बाबा, क्रूस पुसा असं कुठं म्हणतोय मी? नुसता झाका." बायको तफीदा मसूर निवडत बसली होती. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

बखूमनं घड्याळ बांधलं. त्या सकाळी शहातनं मनगटाकडे पाहिलं आणि हाक घातली नाही. बखूमला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

त्याच दुपारी शहात धापा टाकत दारात आला. पाठीवर त्याची म्हातारी आई, नफूसा. भट्टीपाशी पाय घसरून तिचं मनगट मोडलं होतं. "हिला तुझ्याकडेच यायचं होतं," शहात खाली बघत पुटपुटला.

बखूमनं तेल चोळलं, बोटांनी हाड चाचपलं. मग जन्माच्या सवयीनं, हाड ओढण्याआधी, आपलं मनगट ओठांशी नेलं. ओठांना चामडं लागलं. त्याचा हात तिथंच थांबला.

"थांबलास का रे?" नफूसा कण्हत म्हणाली.

"काही नाही, मावशी."

"काही नाही कसं? माझा खांदा बसवलास तेव्हा आधी तिथं ओठ टेकवले होतेस. आज हे काय गुंडाळलंयस? सोड आधी! तुझ्या देवाला विचारल्याशिवाय माझ्या हाडाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

शहात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पट्टा सुटायला वेळ लागला, कारण बखूमची बोटं तेलानं निसटत होती. त्यानं वाकडा क्रूस चुंबला आणि मनात म्हणाला, प्रभू, चुकलो. मग हाड ओढलं. म्हातारीनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि गप्प झाली. हाड बसलं होतं.

संध्याकाळी त्यानं तफीदाला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तुमची आजी सांगायची ना? जुन्या काळी राजानं आपल्या माणसांच्या गळ्यात जड लाकडी क्रूस अडकवले. धर्म सोडला की ओझं उतरायचं. त्या ओझ्यानं मानेची हाडं निळी पडली म्हणे."

"लहानपणापासून ऐकतोय."

"खरंखोटं देवाला ठाऊक. पण त्यांनी उतरवला असता, तर हाड निळं पडलं असतं का?"

बखूमनं आयुष्यभर ती शिवी खाल्ली, पण हे कधी सुचलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि तफीदानं ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळ भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. तिथंही ते वेळ बरोबरच दाखवत होतं. बखूम बाही दुमडून रस्त्यानं निघाला. शहात मुकाट्यानं चहा गाळत होता, पण त्यानं लोकांना लावलेली सवय काय अशी सुटते? बाकावरून भलताच कुणीतरी ओरडला, "ए निळं हाड!"

बखूम थांबला. आईनंच हाक मारल्यासारखा वळला आणि म्हणाला, "ओ!"