शालीतला ट्रम्पेट

ज्या लेखामुळे मला चार लोक प्रवासलेखक म्हणू लागले, त्यातला ट्रम्पेट मी ऐकलाच नव्हता. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

पाच वर्षांपूर्वी भुईगावच्या एका लग्नात बँडवाला इनास दिसला. मासेमारीच्या बोटीवर जाळं ओढायच्या विंचमध्ये त्याचा उजवा पंजा गेलेला. मी त्या हाताचे फोटो काढले, फुग्या (आंबवलेल्या पिठाचे तळलेले मऊ गोळे) पोटभर हाणल्या आणि राजोडीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली जाऊन आडवा झालो. परतलो तेव्हा बँड टेम्पोत चढत होता. घरी येऊन लिहिलं, ‘त्याच्या सुरांनी लाटाही क्षणभर थांबल्या.’ लेख गाजला. झोपलेल्या माणसाला एवढं सुरेल ऐकू येतं, हे वाचकांनी मुकाट्यानं मान्य केलं.

यंदा जानेवारीत पुन्हा निघालो, या वेळी थेट इनासच्या घरी. पाचूबंदरच्या बोळात रिक्षा वलांडीला (बोंबील सुकवायच्या बांबूंच्या मांडणीला) घासली आणि पाच-सहा बोंबील माझ्या मांडीवर पडले. त्या वासासकट इनासच्या दारात उभा राहिलो.

त्याची बायको मेरी कोंबड्यांना दाणे टाकत होती. नाव सांगताच तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुमीच का ते लाटा थांबवनारे? आमच्या मानसाचा हात गेला तेव्हा का नाय थांबल्या त्या?”

मी पँटवरचा बोंबलांचा चुरा झटकू लागलो.

खुराड्यावर जरीची शाल होती, शिलाई मशीनवर दुसरी. माझ्या लेखानंतर विरारपर्यंत जिथे स्टेज उभं राहिलं, तिथे इनासचा सत्कार झाला. वाजवायचं बोलावणं मात्र बंद. बँडमास्तर त्याला लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवायचा, मूर्तीसारखा.

इनासनं तिसऱ्या शालीतून ट्रम्पेट काढला. सायकलच्या ट्यूबचा फास उजव्या मनगटाच्या टोकाला अडकवून त्यात त्यानं वाद्य तोललं आणि डाव्या हाताची बोटं चाव्यांवर ठेवली.

“हे तिसरं बोट आळशी,” तो म्हणाला. “म्हनून त्याला सुराच्या आधीच घरातून काढतो. तरी कधी उशीर करतंच. बाकी ट्रम्पेट वाजतो ओठांनी, साहेब. लोक हात बघतात. तुमी ऐकलेला का तेव्हा?”

“नाही.”



“मग उद्या ऐका. भुईगावलाच लग्न हाय. चुकलो तर चुकलो लिहा.”

दुसऱ्या दिवशी मांडवात बँडमास्तर शाल घेऊन तयारच होता. माईकवर ‘जिद्दीचा महामेरू’ वगैरे सुरू झालं. इनास उठला.

“मास्तर, शाल नको. नवरी येताना मेन लाइन मला वाजवू द्या.”

चारशे पाहुण्यांसमोर मास्तर नाही कसं म्हणणार? नवरी आली. इनास वाजवू लागला आणि सगळे मोबाइल त्याच्या मनगटाकडे वळले. नवरीकडे पाहायला बिचारा नवराच उरला. सूर गोल होता, भरलेला. तिसऱ्या ओळीत चिरकून फुटला. टाळ्या वाढल्या. पुढे आणखी एकदा फुटला, तर लोक उभे राहिले.

नंतर मास्तरनं क्लॅरिनेटवाल्याला एका चुकीसाठी आईवरून शिव्या घातल्या आणि इनासच्या पाठीवर हात फिरवला.

“बघा,” इनास मला म्हणाला. “मला शिव्या पन मिळत नायत. किती फुटले?”

“दोन.”

“बरोबर!” तो पहिल्यांदाच हसला. “हे छापा. वाचून मास्तर भडकंल, बोलंल, रोज प्रॅक्टिसला ये. मला तेच पायजे.”

घरी परतून मी तसंच लिहिलं आणि पहिला लेख जिथे आला होता, त्याच वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीला पाठवलं. संपादक म्हणाले, “फुटलेले सूर काढू या, वाचक दुखावतात.” आधीच्या मला हे चाललं असतं. मी लेख परत घेतला. तो इथे या पुस्तकात आला. पण बँडमास्तर पुस्तकं वाचत नाही. तो रविवारची पुरवणी वाचतो.

त्या पुरवणीत, त्याच पानावर, इनासचे दोन फुटलेले सूर छापून आणायचे, एवढं मी अजून त्याचं देणं लागतो.