पुस्तकात नसलेलं एक वाक्य

बहरीनमधला जून महिना, दुपारचे तीन... आणि समोरच्या फ्लॅटमधल्या माशीमांनी सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे ही, पण आजही एकादशी आली की मला ती दुपार आठवते.

आम्ही तेव्हा माहूजला राहायचो. मी ईसा टाउनच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. समोर सुब्रतो आणि त्याची आई. तो मुहर्रकला एअरपोर्टवर शिफ्ट ड्युटी करायचा, आणि वडील गेल्यावर त्याने आईला कोलकात्याहून इकडे आणलं होतं. माशीमा म्हणजे मावशी... अख्खी बिल्डिंग त्यांना तशीच हाक मारायची.

विधवेने एकादशीला पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. आम्ही रत्नागिरीची माणसं, आमची एकादशी दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचे काप, वर दाण्याचा लाडू. माशीमांचा उपास कळल्यापासून मला त्या दिवशी खिचडी गोड लागेना.

त्यांना डायबेटीस होता. आधीच्या एकादशीला त्या चक्कर येऊन पडल्या, सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं... किडन्या थकल्यात, या उकाड्यात परत असं केलंत तर माझ्या हातात काही राहणार नाही. सुब्रतोने विनवण्या केल्या, चिडला, शेवटी रडला. माशीमा ढिम्म.

त्यांच्याकडे एक जुनं पुस्तक होतं. त्यांच्या आजेसासऱ्यांनी इंग्रजांच्या काळात इंग्रजीत लिहिलेले निबंध. बंगाली घरातली दुर्गापूजा, लग्नं, बायकांची व्रतं, सुतक... सगळं साहेबाला समजावं म्हणून लिहिलेलं, त्यामुळे शंख म्हणजे काय इथपासून सुरुवात. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं.

माशीमांना इंग्रजी येत नव्हतं. मी शाळेतून आले की त्या बोलवायच्या, "मास्टरनी, थोड़ा पढ़ो." मी वाचायचे आणि माझ्या मोडक्या हिंदीत अर्थ सांगायचे. वाचायला देण्याआधी त्या पुस्तक कपाळाला लावायच्या. देवाखालोखाल त्यांच्यासाठी आजेसासऱ्यांचा शब्द होता.

त्या जूनमधल्या एकादशीला ड्युटीवर जाताना सुब्रतो दारात थांबला. "दीदी, आज माँ के पास बैठिए..." एवढंच म्हणाला आणि गेला.

मी गेले तेव्हा त्या फरशीवर चटई टाकून पडल्या होत्या. ओठांना भेगा, आवाज खोल गेलेला. पुस्तक उशाशीच होतं. "विधवा का पन्ना पढ़ो," म्हणाल्या.

मी वाचायला लागले. लेखकाने आपल्या घरातल्या एका विधवा आत्याबद्दल लिहिलं होतं. पांढरी साडी, दिवसातून एकदा जेवण, एकादशीची तहान, तरीही चेहऱ्यावर तक्रार नाही... असा संयम दुसऱ्या कुठल्या देशात सापडणार नाही, असं अभिमानाने. मला त्या माणसाचा रागच आला. इतकं बारकाईने पाहिलं, मग पेलाभर पाणी पुढे करायला काय झालं होतं?

आणि मी खोटं बोलले. पानावर बोट ठेवून म्हटलं, "आगे लिखा है... विधवा बीमार हो, तो पानी ले सकती है. हमारे घर में इससे व्रत नहीं टूटता."

माशीमांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फिर से पढ़ो."

मी परत त्याच जागी बोट ठेवलं. पण घाबरल्यामुळे पहिल्यांदा काय शब्द वापरले होते तेच आठवेनात... काहीतरी वेगळंच जुळवून म्हटलं.

त्या उठून बसल्या. पुस्तक माझ्याकडून घेतलं, कपाळाला लावलं. "तो पानी दो," म्हणाल्या. मी दिलेला पेला दोन्ही हातांत धरून त्यांनी सावकाश संपवला.

त्यानंतर दर एकादशीला त्या पाणी घेऊ लागल्या. सुब्रतोने माझे किती आभार मानले... मी वरवर काही नाही म्हणायचे, पण आतून फुशारले होते. एका म्हाताऱ्या बाईला कसं वळवलं, म्हणून.

दोनेक वर्षांनी त्या कोलकात्याला परतल्या आणि तिथेच, झोपेत, शांतपणे गेल्या. सुब्रतो दिवसकार्य आटोपून आला तो मुंडन केलेला, हातात तेच पुस्तक. "माँ ने कहा था, मास्टरनी को देना."

मला राहवलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं... की ते वाक्य पुस्तकात नव्हतंच, मी तुझ्या आईला फसवलं.

तो म्हणाला, "माँ को मालूम था, दीदी. बाबा हर साल उनको यह किताब बांग्ला में पढ़कर सुनाते थे. हर पन्ना याद था."

इंग्रजी न येणाऱ्या बाईला पुस्तकात काय आहे ते कुठून ठाऊक असणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी शिकलेली ना.

माशीमांनी पहिल्यांदा पाणी घेतलं त्याच दिवशी सुब्रतोने त्यांना विचारलं होतं, पुस्तकात तसं नाही हे ठाऊक होतं, मग पाणी प्यालीस कशी? त्या म्हणाल्या होत्या, "पराए घर की बेटी मेरे लिए पोथी पर हाथ रखके झूठ बोली. गिलास लौटाती, तो उसका मुँह छोटा हो जाता."

जन्मभर पाळलेलं व्रत त्यांनी माझं तोंड लहान होऊ नये म्हणून मोडलं, आणि ते मला कधी कळूही दिलं नाही. पुस्तक आजही माझ्याकडे आहे. मी एकादशी धरत नाही, पण त्या दिवशी सकाळचं पहिलं पाणी पिताना माशीमांना मनातल्या मनात नमस्कार करते.