रिक्षा अडवली, माईक घेतला

मंडळी, घसा पार बसलाय, म्हणून लिहून सांगते.

सीमाभागात, खानापूरजवळच्या आमच्या मराठी गावात जुलाब-उलट्यांची साथ आहे. आज सकाळी पंचायतीची भोंग्याची रिक्षा आली. एरवी ती नळाला पाणी सुटणार एवढंच सांगत फिरते. त्यामुळं आवाज ऐकताच बायका सवयीनं कळशा घेऊन नळावर पळाल्या.

मला कन्नड येतं, गल्लीतल्या बाकी बायकांना न्हाय. भोंगा नुसत्या कन्नडमधनं सांगत होता, नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका!

मी रिक्षासमोर उभी राहिले. "मराठीत बी सांगा की!"

ड्रायव्हर म्हणाला, "आक्का, वरनं एवढंच रेकॉर्डिंग आलंय. मी काय करू?"

"माईक दे हिकडं."

सगळ्या गल्ल्यांतनं ओरडत फिरले. शेजारची गंगाक्का भरली कळशी घेऊन दारातच थांबली. "आत्ताच नातवाला पाजलं की गं ह्यातलं," म्हणाली.

दुपारी पंचायतीतून फोन आला. "माईक कुणाला विचारून घेतला? कारवाई होईल."

फोन अगदी स्वच्छ मराठीत होता बरं का!

धमकी द्यायला मराठी येते, मग जीव वाचवायला का न्हाय? उद्या रिक्षा आली की मी परत आडवी येणार. तुमच्या गल्लीत कोण आडवं येणार?