डक्टमधली बाई

आमच्या बिल्डिंगला डक्ट आहे. बाथरूमच्या खिडक्यांमागची ती अरुंद, ओली पोकळी. त्यात ड्रेनेजचे पाइप, केबलच्या वायरी आणि कबुतरांची घाण. मेघालयातल्या उभ्या गुहेत उतरायची तयारी करायला मीरा रोडमध्ये मला तरी याहून चांगली जागा सापडली नाही. गच्चीवरच्या टाकीच्या खांबाला दोर बांधायचा आणि आत उतरायचं.

हे कळल्यावर ज्याला त्याला माझं वय आठवायला लागलं. सेक्रेटरींनी लिफ्टपाशी गाठलं. "मॅडम, फिफ्टी क्रॉस केलंय तुम्ही. योगा करा ना. ये सब कशाला?" नवरा एवढंच म्हणाला, "हसं होतंय आपलं." होऊ दे! मुलगी लहान म्हणून, मग तिची दहावी म्हणून, मग सासऱ्यांचं आजारपण म्हणून मी सह्याद्रीचे कडे फोटोतच बघितले होते. आता कारणं संपली, तर यांनी वय काढलं. माझं डोकंच फिरायचं.

खरी अडचण वेगळीच होती. उतरता उतरता दोरावर मधेच थांबायचं, उतरायचं साधन काढून चढायचे क्लॅम्प लावायचे आणि परत वर यायचं, हे मला जमत नव्हतं. आमचा ग्रुप दर रविवारी चेणे गावच्या कातळावर सराव करतो, तिथे दर वेळी मी लोंबकळत राहायचे आणि कोणीतरी येऊन सोडवायचं. ग्रुपची लीडर माझ्या मुलीच्या वयाची. तिने स्पष्टच सांगितलं, "काकू, गुहेत कोणी सोडवायला येणार नाही. रविवारी एकटीने करून दाखवा, नाहीतर मी तुम्हाला नेत नाहीये." तिचं काही चुकत नव्हतं.

गुरुवारी रजा टाकली. सकाळी दोर डक्टमध्ये सोडला, चहा प्यायला घरी गेले आणि मग उतरले. गच्चीवर नवरा हाताची घडी घालून उभा. तिसऱ्या मजल्यापाशी दोर अडला. बघते तर खालचं टोक कोणीतरी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत ओढून ग्रिलला करकचून बांधलेलं. समोरच्या खिडकीतून शेजारीण म्हणाली, "वो तो ऑफिस गए, घर बंद है. बोल रहे थे, केबलवाले ने फिर वायर छोड़ दी." आमच्या डक्टमध्ये जे लोंबतं ते केबलवाल्याचंच असतं, आणि जो तो ते आपल्या ग्रिलला बांधून मोकळा होतो.

भराभर खिडक्या उघडल्या. एकाच्या तोंडाला दाढीचा फेस. सेक्रेटरी ओरडत होते, "फायर ब्रिगेडला फोन लावा!" वरून नवरा, "थांब, मी ओढतो!" मला रडूच येत होतं. पण मला असं कोणी उचलून काढलं असतं, तर डक्टही बंद, चेणेही बंद आणि मेघालयाचं नाव घ्यायची सोय उरली नसती.

"दोराला हात लावायचा नाही!" मी ओरडले. "आणि फोन ठेवा. मी येतेय."

हातातला क्लॅम्प दोराला लावला, त्याच्या फासात पाय रोवून उभी राहिले आणि छातीवरचा क्लॅम्प अडकवला. सगळं वजन त्याच्यावर टाकून बघितलं. मगच उतरायचं साधन सोडवलं. चेण्याला खाली रांगेत उभ्या असलेल्या मुलांची लाज वाटून मी हे घाईघाईत करायचे आणि फसायचे. इथे अख्खी बिल्डिंग माझी लाज काढत होती, मग घाई कसली? बसत-उठत, बसत-उठत मी एकेका खिडकीसमोरून वर गेले. दाढीवाल्याला म्हटलं, "फेस सुकतोय तुमचा."

गच्चीच्या कठड्यावरून आत आले तेव्हा नवऱ्याने मला दंडाला धरून कठड्यापासून लांब नेलं. "उद्यापासून बंद," तो म्हणाला. मी पाणी प्यायले, आणि संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे घरी आल्यावर ग्रिलची गाठ सोडवून दोर वर घेतला. रविवारी चेण्याला तेच सगळं पुन्हा केलं, न फसता. लीडरने खालून हाक मारली, "काकू, तिकीट काढा!"

सोमवारी नोटीस बोर्डावर लागलं: डक्टमध्ये उतरण्यास सक्त मनाई. ते मी नीट वाचलं. घरी येऊन मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर मार्करने मराठीत आणि हिंदीत ठळक लिहिलं आणि दोराच्या खालच्या टोकाला बांधलं. मंगळवारी सकाळी दोर पुन्हा डक्टमध्ये सोडला. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर पाटी हलत होती:

ही केबल नाही. वर बाई आहे.