चष्मा काढून वाचणाऱ्या बाई

नव्वदच्या दशकात कुंभकोणमला महामहम तळ्याजवळ एका बाईंचं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान होतं. साप चावल्यावर काय करावं, हे मला त्या दुपारी पापनाशम्‌च्या परिचारिकांना सांगायचं होतं, म्हणून प्रोजेक्टरचे पारदर्शक कागद करून घ्यायला मी गेलो. माझ्या चौदा ओळींच्या मजकुरासाठी मी नक्षीदार तमिळ फॉन्ट निवडला होता. बाईंनी छापलेला कागद भिंतीला लावला, चष्मा काढला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन तो वाचू लागल्या. परत येऊन त्यांनी ठळक, साधं अक्षर घेतलं आणि पुन्हा पलीकडे गेल्या. असं चारदा झालं. माझी बस चुकायची वेळ आली होती.

"बाई, पुरे आता," मी म्हणालो.

तिकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या, आमच्या घरच्यासारख्याच जुन्या वळणाच्या मराठीत त्यांनी विचारलं, "डॉक्टर, साप चावल्यावर चौदा ओळी कोण वाचेल?"

त्यांनी चारच ठेवायला लावल्या. हलू देऊ नका. बांधू नका. कापू नका. दवाखान्यात न्या.

सभागृहात माझं बोलणं दहा मिनिटांत संपलं. उरलेला तास कसा भरावा, मला सुचेना. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक परिचारिका उठली आणि गेल्या वर्षी तिच्या गावात काय चुकलं ते सांगू लागली. मग दुसरी उठली. मी लिहून घेत राहिलो. माझ्या चौदा ओळींत त्यातलं काहीच नव्हतं.